निळं कार्ड की लाल कार्ड

रविवार, ८ जानेवारी २०१७, दुपारी तीन. रक्कम तीन हजार नऊशे तेरा डॉलर दहा सेंट. हजर: मी, माझी बायको, अकरावीतली आमची मुलगी आणि उजवीकडच्या घरात राहणाऱ्या चिनी शेजारीणबाई. जागा, मार्कहॅममधल्या आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.

जुलै महिन्यात पश्चिम कॅनडातल्या डोंगरांत, बॅन्फच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात दोन खोल्या पाच रात्री घेतल्या, तर कर धरून एवढा खर्च येत होता. तो कुणी भरायचा, हा प्रश्न नव्हता. तो कुणालाच भरावा लागू नये, यासाठी आम्ही बसलो होतो.

शेजारीणबाईंना आम्ही ताई म्हणतो. माझ्या बायकोपेक्षा त्या सहा वर्षांनी मोठ्या. बायको फोनवर आपल्या बहिणीला ताई म्हणताना त्यांनी एकदा ऐकलं, अर्थ विचारला, आणि मग आम्हीही त्यांना तेच म्हणायचं असा हट्ट धरला. बदल्यात त्या बायकोला 'मेमे' म्हणतात. चिनीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. मला त्या 'भाऊजी' म्हणतात. हे बायकोने शिकवलेलं. कुंपणापलीकडून ती हाक इतक्या ठसक्यात येते, की आमच्याकडे आलेले पाहुणे दचकतात. ताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. त्यांचे यजमान अबोल गृहस्थ, परसात दुधी लावणारे. उन्हाळ्यात त्यांचे दुधी कुंपणावरून आमच्याकडे येतात आणि आमची थालीपीठं तिकडे जातात. बोलणं सगळं इंग्रजीत चालतं. मी इथे ते मराठीत लिहितो आहे.

त्या दिवशी ताई ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून तशाच आल्या. टोपीवरचा बर्फ वितळत होता.

"भाऊजी, माझी मोठी बहीण येते म्हणाली," त्या म्हणाल्या. "पण एका अटीवर."

या मोठ्या ताईंबद्दल आम्ही दहा वर्षं ऐकत होतो. आई लवकर गेल्यावर त्यांनीच धाकटीला वाढवलं. शाळेत भूगोल शिकवून मिळणाऱ्या पगारात तिचं कॉलेज केलं. धाकटी कॅनडाला निघाली, तेव्हा तिच्या कोटाच्या अस्तरात पैसे शिवून दिले. ताई इथे स्थिरावल्यावर त्यांनी बहिणीला एकदा पैसे पाठवले, तर मोठीने ते परत पाठवले, वर चहाचे दोन डबे. "व्याजासकट," ताई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत ताई चार वेळा तिकडे जाऊन आल्या. मोठी इकडे एकदाही आली नव्हती. आता ती एकाहत्तर वर्षांची झाली होती आणि डॉक्टरांनी गुडघ्यांबद्दल बोलायला सुरुवात केली होती.

"अट काय?" बायकोने विचारलं.

"तिकीट ती स्वतः काढणार. माझ्याकडे राहणार. पण माझ्या पैशाने हॉटेलात एक रात्रही काढणार नाही. म्हणते, हॉटेलवर खर्च केलास तर मी तीन आठवडे तुझ्या नवऱ्याचे दुधी बघत बसेन."

"मग बसू दे," मी म्हणालो.

"भाऊजी, तिने चौतीस वर्षं मुलांना कॅनडाचा धडा शिकवला. त्या धड्यात एक चित्र आहे. डोंगर, हिमनदी आणि पुढे तळं. बॅन्फजवळचं. ते तिला बघायचंय. बघायचंय असं ती म्हणणार नाही. पण मला ठाऊक आहे."

म्हणजे प्रश्न असा, की मोठ्या ताईंना ते तळं दिसणार की नाही. आणि त्याचं उत्तर हॉटेलच्या बिलावर अवलंबून होतं.

"फुकट असेल तर ती राहील," ताई म्हणाल्या. "पण खरंच फुकट हवं. ती बिल मागते. ती नेहमी बिल मागते."

यात आम्हाला वेगळं काही वाटलं नाही. आमच्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहून परत गेल्या, त्यानंतर तीन आठवड्यांनी तांदळाच्या डब्यात तळाशी दोनशे डॉलर सापडले. लेकीच्या घरी राहिल्याचे. ते परत कसे करायचे हे अजून ठरलेलं नाही.

हॉटेलांच्या मोठ्या कंपन्यांच्या पॉइंट्सच्या योजना असतात. राहिलं की पॉइंट्स साठतात, पुरेसे साठले की रात्र फुकट मिळते. ताईंकडे अशी दोन कार्डं होती, एक लाल आणि एक निळं. त्यांनी ती टेबलावर पत्त्यांसारखी मांडली.

"यातलं एक निवडून द्या. तुम्ही इन्शुरन्स कंपनीत आकडे तपासता ना? आणि तिकडे गाडी तुम्ही चालवायची. माझे यजमान डोंगरात चालवत नाहीत, मी हायवेवर चालवत नाही. म्हणून दोन खोल्या. एक आम्हा बहिणींची, एक तुमची."

"आमच्या खोलीचे पैसे आम्ही भरू."

"का? मी बोलावते आहे."

"मग मी येत नाही."

"बाबा," मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "यू आर एक्झॅक्टली लाइक हर सिस्टर."

मी तक्ता करायला घेतला. तो पुढचे तीन रविवार चालला.

लाल योजना अशी: एका रात्रीला पंधरा हजार पॉइंट्स. ताईंचे स्वतःचे ऐंशी हजार साठलेले होते, चीनच्या चार फेऱ्यांमधून. पाच रात्रींना पंचाहत्तर हजार. म्हणजे बहिणींची खोली होत होती. सकाळचा नाश्ता फुकट. पण पॉइंट्स दुसऱ्याच्या नावावर करता येत नव्हते, त्यामुळे दुसरी खोली रोख. एक हजार नऊशे छप्पन डॉलर पंचावन्न सेंट.

निळी योजना: एका रात्रीला तीस हजार. ऐकायला दुप्पट, पण सलग पाच रात्री घेतल्या तर पाचवी फुकट, म्हणजे एका खोलीला एक लाख वीस हजार आणि दोन खोल्यांना दोन लाख चाळीस हजार. या कंपनीची चीनमध्ये गावोगाव हॉटेलं होती, मदतीची लाइन चिनी भाषेत होती, आणि मुख्य म्हणजे घरातल्यांना आपापले पॉइंट्स एका खात्यात गोळा करता येत होते. मोठ्या ताईंचा मुलगा तिकडे कंपनीच्या कामाने सतत फिरायचा. त्याच्याकडे एक लाख तीस हजार पडून होते. ताई आणि त्यांच्या यजमानांनी निळ्या कंपनीचं क्रेडिट कार्ड घेतलं, तर प्रत्येकी पन्नास हजार बक्षीस, पहिल्या वर्षाची फी माफ. तीन महिन्यांत प्रत्येकी पंधराशे डॉलर खर्च दाखवायचे, ते प्रॉपर्टी टॅक्स आणि ग्रोसरीतच होऊन जात होते. ताईंचे जुने चौदा हजार. एकूण दोन लाख चव्वेचाळीस हजार. चार हजार उरतात.

याखेरीज ताई फोन करून एकेक रकाना वाढवत गेल्या. खोलीत पाणी उकळायची किटली आहे का? मोठी बहीण थंड पाणी पीत नाही. कॉफीचं यंत्र चालणार नाही, त्यातून येणाऱ्या गरम पाण्याला कॉफीचा वास येतो. सपाता मिळतात का? नाश्त्याला काही ऊनऊन असतं, की नुसतं दूध आणि कोरडे पोहे? मी तीन हॉटेलांना फोन करून किटलीची चौकशी केली. एका ठिकाणच्या माणसाने विचारलं, "सर, तुम्ही किटली विकता का?"

शेवटी तक्ता सतरा रकान्यांचा झाला. त्यात हॉटेल समुद्रसपाटीपासून किती उंचावर, हाही एक रकाना होता. गुडघ्यांचं आणि दमाचं म्हणून मीच घातला होता. मुलीने तो तक्ता पाहिला.

"नोबडी नीड्स धिस मेनी कॉलम्स, बाबा."

"मोठ्या ताईंना लागतील."

"शी'ज अ टीचर. शी'ल ग्रेड इट."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी निकाल सांगितला. निळं. दोन्ही खोल्या, खिशातून रोख काही नाही.

ताईंनी लाल कार्ड बोटांत धरून फिरवलं. "नाश्ता लालमध्ये चांगला आहे."

"नाश्त्याचे पैसे धरले आहेत. रकाना नऊ. तरी निळंच पुढे आहे."

"लालमध्ये सगळे पॉइंट्स माझेच आहेत, भाऊजी."

"तीच तर त्याची अडचण आहे," मी म्हणालो. "फक्त तुमचे आहेत. निळ्यात सगळ्यांचे गोळा होतात."

कार्ड पाकिटात ठेवून ताई म्हणाल्या, "तक्ता चांगला आहे." त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यांना लाल हवं होतं."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं की त्यांनी. तुम्ही रकाना नऊ दाखवलात."

मला ते तेव्हा कळलं नाही.

पुढचे दोन महिने मजेत गेले. ताईंनी माझा तक्ता त्यांच्या ओळखीच्या चिनी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकला, आणि आमच्या दाराची बेल वाजू लागली. कुणाचे आईवडील शांघायहून येणार होते, कुणाचे सासूसासरे. हातात संत्र्यांची पिशवी आणि तोंडात एकच प्रश्न, लाल की निळं? एका आजोबांनी तर पिवळं कार्ड आणलं. त्या योजनेत दहा रात्री पैसे भरून राहिलं, की अकरावी फुकट होती. मी त्यांना सांगितलं, तुम्ही चारच रात्री राहणार आहात. ते म्हणाले, "मग उरलेल्या सहा रात्री मी मार्कहॅममध्येच कुठेतरी हॉटेलात राहतो." त्यांना परावृत्त करायला पाऊण तास लागला. त्या वसंतात आम्ही संत्री विकत घेतली नाहीत.

एप्रिलअखेर पॉइंट्स एका खात्यात आले आणि दोन्ही खोल्या नक्की झाल्या. त्या वर्षी राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेशही फुकट होता. पास टपालाने आला. मी तो तक्त्याला टाचला.

मग एक गोष्ट निघाली. हॉटेलच्या नियमांत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की खोली पॉइंट्सवर घेतली तरी सोयींची फी वेगळी भरावी लागेल. दर खोलीला दर रात्री चोवीस डॉलर. दहा रात्रींचे दोनशे चाळीस. पार्किंग रोज बारा, पाच दिवसांचे साठ. तीनशेवर पाच टक्के कर, पंधरा. एकूण तीनशे पंधरा. आणि ही रक्कम शेवटी बिलावर येणार होती. मोठ्या ताई बिल मागणार होत्या.

मी मेमध्ये एका दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत हॉटेलला फोन केला आणि तीनशे पंधरा डॉलर माझ्या कार्डावर आधीच भरून टाकले. बिलावर शून्य दिसलं पाहिजे, असं दोनदा बजावलं. आमची खोली ताईंच्या पॉइंट्सवर होती, ते ओझंही मनावरून थोडं उतरलं. मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

मोठ्या ताई जूनच्या शेवटी आल्या. बुटक्या, ताठ, केस कानापर्यंत कापलेले, खांद्याला गरम पाण्याचा थर्मास. पहिल्याच संध्याकाळी ताई त्यांना आमच्याकडे घेऊन आल्या. आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे. मोठ्या ताईंनी थर्मास खाली ठेवला, हात जोडले, मग मूर्तीच्या फळीवरून बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं. नव्हती. बायको एकदम खुलली. त्यानंतर दोघी एकमेकींची भाषा न समजता तासभर बोलत होत्या. चिनीतून आलेलं ताई इंग्रजीत सांगायच्या, पण लांबलचक वाक्याचं भाषांतर कधीकधी नुसतं "ती हो म्हणते" एवढंच यायचं.

सोमवार, १० जुलै. कॅलगरीहून भाड्याच्या गाडीने आम्ही चौघं, मी, बायको आणि दोघी बहिणी, दुपारी बॅन्फला पोचलो. वाटेत मोठ्या ताई पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जीपीएस बाईने डावीकडे वळा म्हटलं, की त्या आधी नकाशा पाहायच्या आणि मग मला मान डोलवून परवानगी द्यायच्या.

हॉटेलच्या काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर आमचं बुकिंग काढलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या, "तुमचे सहाशे तीस डॉलर जास्तीचे जमा दिसताहेत."

"कसले?" मी आणि ताई एकदमच म्हणालो.

"सोयींची फी आणि पार्किंग मिळून तीनशे पंधरा होतात. ते मेमध्ये भरलेत." त्यांनी माझं नाव वाचलं. "जूनमध्ये परत भरलेत." त्यांनी ताईंचं नाव वाचलं. "आणि गेल्या आठवड्यात चीनमधून एका गृहस्थांनी फोन करून आईच्या कार्डावर भरलेत. प्रत्येकाने सांगितलंय, इतरांना कळू देऊ नका. तशी नोंद आहे इथे, तीन वेळा." त्या थांबल्या. "आता ती मी मोठ्याने वाचली."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहिलं.

"एकवीस वर्षं मी या काउंटरवर आहे," बाई म्हणाल्या. "ही फी भरणार नाही म्हणून लोक माझ्याशी रोज भांडतात. भरणारच म्हणून तिघं, हे पहिल्यांदा."

ताईंनी बहिणीकडे वळून चिनीत काहीतरी विचारलं. मोठ्या ताई शांतपणे दोन वाक्यं बोलल्या.

"तिला पहिल्यापासून माहीत होतं," ताई आम्हाला म्हणाल्या. "मुलाने तिला सगळे नियम वाचून दाखवले. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिली."

मग सुरू झालं. मोठ्या ताईंचं म्हणणं, माझे पैसे ठेवा आणि बाकीच्यांचे परत करा. ताईंचं म्हणणं, माझे ठेवा. दोघी एकमेकींचे हात काउंटरवरून बाजूला सारत होत्या. आमच्याकडे लग्नात आहेराचं पाकीट परत खिशात कोंबताना होते तशी झटापट, फक्त चिनीत. मीही म्हणालो, "मी सगळ्यांच्या आधी भरलेत," तर बायको मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही मधे पडू नका. लपवून भरता आणि वर हक्क सांगता!"

मोठ्या ताईंनी थर्मास उचलला आणि दारापाशी जाऊन बाकावर बसल्या. ताई डोळे पुसत माझ्याकडे आल्या.

"म्हणते, माझे परत केलेत तर उद्या मी तळ्यावर येणार नाही. इथेच बसेन. भाऊजी, तिने माझ्यासाठी आयुष्य घातलं. एकोणीस वर्षांत तिने माझ्याकडून एक चहाचा कपसुद्धा घेतलेला नाही. म्हणून मला लाल हवं होतं. ते सगळे माझे होते. मला एकदा तिला काहीतरी द्यायचं होतं."

आता कळलं. सतरा रकाने केले, किटलीचा केला, सपातांचा केला. कुणी कुणाला द्यायचंय, हा केला नाही.

मी गाडीतून तक्ता आणला. दुसरं काय करणार? माझ्याकडे तेवढंच होतं. मोठ्या ताईंच्या शेजारी बसून मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पर्समधून चष्मा आणि पेन्सिल काढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. आकडे सगळीकडे सारखेच असतात. रकान्यांची नावं ताई उभ्या उभ्या चिनीत सांगत होत्या. मोठ्या ताईंनी बेरजा करून पाहिल्या, एकेकीपुढे बारीक खूण केली. अकराव्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली.

उंचीचा रकाना. बॅन्फपुढे मी ४,५३७ लिहिलं होतं आणि वर डोक्यावर 'मीटर'.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं, जिथे हिरवी झाडं होती आणि माणसं आइस्क्रीम खात होती. मग एक लांब श्वास घेऊन नळकांडं तोंडाला लावल्यासारखा हात केला.

"ती म्हणते," ताई हसू दाबत म्हणाल्या, "या उंचीवर आपण प्राणवायूशिवाय कसे काय बसलो आहोत? भाऊजी, हे फूट आहेत."

फूटच होते. दहा जणांना तक्ता वाटला, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोठ्या ताईंनी १,३८३ असं दुरुस्त केलं आणि तळहात पुढे केला. त्यांच्या वर्गात एककाच्या चुकीला दंड असे. मी एक डॉलरचं नाणं ठेवलं. त्यांनी ते पर्सच्या वेगळ्या कप्प्यात टाकलं आणि पहिल्यांदा हसल्या.

ते हसू बघून मला धीर आला. मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. पॉइंट्स कुणाकडून किती. हिशेब बरोबर जुळावा म्हणून केलेला होता.

"ताई, हे त्यांना नीट सांगा. बहिणींच्या खोलीला एक लाख वीस हजार लागले. त्यांच्या मुलाने एक लाख तीस हजार दिले. म्हणजे तुमच्या खोलीचं भाडं त्यांच्याच घरून आलंय. त्या तुमच्या पाहुण्या नाहीत. तुम्ही त्यांच्या पाहुण्या आहात. वरचे दहा हजार आमच्या खोलीलाही गेले, म्हणजे आम्हीही थोडे त्यांचे पाहुणे. तुमचे आणि यजमानांचे सगळे आमच्यावर खर्च झाले. तुमच्याकडून बहिणीला अजून काहीच मिळालेलं नाही."

ताईंनी सांगितलं. मोठ्या ताईंनी वजाबाकी समासात करून पाहिली. दोनदा.

"म्हणून," मी म्हणालो, "पाहुण्याने काहीतरी घेऊन यायचं असतं. आमच्याकडे तरी असतं. रिकाम्या हाताने कुणी येत नाही."

बाक लहान होता. ताई पुढे उभ्या होत्या, शाळेत चुकलेलं गणित घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीसारख्या. मोठ्या ताईंनी तक्त्याची घडी घातली आणि एक छोटं वाक्य बोलल्या. ताईंनी त्याचं भाषांतर केलं नाही. त्या बहिणीच्या गळ्यात पडल्या. मोठ्या ताईंनी थर्मास सांडू नये म्हणून हात लांब धरला होता.

"काय म्हणाल्या?" बायकोने नंतर विचारलं.

"म्हणाली, बरं. पार्किंग आणि फी तुझी. पण पावती मला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही तळ्यावर होतो. मोठ्या ताई काठी टेकत काठापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. समोर हिमनदी, दोन्ही बाजूंना डोंगर, चित्रातल्यासारखंच असावं. पण त्यांच्या पुस्तकातलं चित्र कृष्णधवल होतं. त्या काहीतरी बोलल्या, आणि ताई खळखळून हसल्या.

"म्हणते, चौतीस वर्षं मी मुलांना सांगितलं, हे तळं आकाशासारखं निळं आहे. हे तर हिरव्याकडे जातंय. सगळ्या वर्गांना चुकीचं शिकवलं." मोठ्या ताईंनी पर्स उघडली, पाकिटातून एक डॉलर काढला आणि माझ्या दंडाच्या कप्प्यात टाकला. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून आधी धाकटीला दिला.

ताई म्हणाल्या, "आधी तू घे."

मोठ्या ताईंनी झाकण हातात घेतलं, एक घोट प्याल्या, आणि बाकीचा परत दिला. तिथे आम्ही साडेतीन तास होतो. बायकोने डब्यातून थालीपीठं काढली. शेजारच्या बाकावरच्या जर्मन जोडप्यालाही दिली.

शनिवार, १५ जुलै, सकाळी साडेदहा. खोल्या सोडल्या. काउंटरवर त्याच बाई होत्या. माझ्या कार्डावर तीनशे पंधरा परत, मोठ्या ताईंच्या कार्डावर तीनशे पंधरा परत. दंडाचे दोन डॉलर मोठ्या ताईंनी खोली आवरणाऱ्या बाईंसाठी ठेवलेल्या टिपमध्ये वरून घातले. बिल छापून आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला, ओळन् ओळ वाचली, घडी घातली आणि नकाशात ठेवली. त्यावर लिहिलं होतं: एकूण तीनशे पंधरा डॉलर, हॉटेलला मिळाले, ताईंच्या कार्डावरून.